रिकाम्या खणांवरची कमान

ताईंना भेटायला कुणी नवीन आलं की गाठ आधी माझ्याशी पडते, कारण दार मी उघडते. माणूस आत डोकावतो, भिंतीला लावलेले कागदांचे गठ्ठे बघतो आणि म्हणतो, अरे वा, संगीताचं घर, काहीतरी ऐकवा की. मी म्हणते, बसा, चहा घ्या, पण ऐकायला काही मिळणार नाही. ताई गात नाहीत, वाजवत नाहीत, चालीही रचत नाहीत. रचणारा रचून मोकळा होतो, बरेचदा मरूनही मोकळा होतो. मागे उरलेल्या त्याच्या गिचमिड कागदांवरून ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाला त्याचं त्याचं स्वच्छ पान काढून द्यायचं, हे ताईंचं काम. मी कपडे दुरुस्त करायच्या दुकानात बसते, म्हणून मला ते आपलं असं समजतं, की कापड दुसऱ्याचं, माप दुसऱ्याचं, घालून मिरवणारा तिसराच, आपल्या वाट्याला फक्त शिवण. ती उसवली तरच लोकांना शिंप्याची आठवण येते.

ताई माझी नणंद. आमच्या ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, वडील हेच नकला उतरवायचं काम करायचे आणि घरी आले की भिंतीकडे तोंड करून झोपायचे, त्यामुळे भावाला भरवण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं ताईंनी केलं. लग्न झालं होतं त्यांचं. टिकलं नाही. परत आल्या आणि वडिलांच्या टेबलाशी बसल्या, त्या आजतागायत तिथेच आहेत. मी ह्या घरात आले तेव्हा मैत्रिणी माझा हेवा करायच्या, सासू नाही म्हणून. त्यांना काय माहीत, इथे सासूची आणि नणंदेची, दोन्ही खुर्च्या एकाच बाईने अडवल्या होत्या. ह्यांना त्या छोटू म्हणायच्या. केस पिकले, दाढा गेल्या, चष्मा लागला, तरी छोटू.

हे क्लॅरिनेट वाजवायचे, ऑर्केस्ट्रात पहिल्या खुर्चीवर, म्हणजे क्लॅरिनेटवाल्यांतले मुख्य. लहानपणी म्हणे बादलीत तोंड बुडवून श्वास कोंडून बसायचे आणि ताई बाजूला उभ्या राहून जीव मुठीत धरून आकडे मोजायच्या. त्याच दमावर पुढे आमचं घर चाललं. त्यांच्या कार्यक्रमात एक संथ तुकडा ठरलेला असायचा. सुरुवातीला बाकीचे सगळे गप्प, आणि हे एकटे एकच सूर धरायचे, चार खण भरून. पानावर उभ्या रेघा मारून सारख्या वेळाचे भाग पाडलेले असतात, त्यांना आम्ही घरात खण म्हणतो. तो सूर कुठून सुरू झाला ते कळायचं नाही आणि कुठे संपला तेही नाही. हे म्हणायचे, लोक त्यासाठी येतात. मी म्हणायचे, लोक मध्यंतरातल्या चहासाठी येतात. पण खरं सांगते, तो लागला की माझ्याही अंगावर काटा यायचा.

आता ताईंच्या कामाचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. टाक आणि दौत जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे लोक पडद्यावर माउसने सूर उचलून ठेवायला लागले. ताईंना ते जमेना, की जमवायचंच नव्हतं, कोण जाणे. त्यांनी असा प्रोग्रॅम धरला ज्यात चित्र नाहीच, नुसतं टाइप करायचं. सुराचं अक्षर, त्याला लागून तो किती लांब त्याचा आकडा. सगळं लिहून झालं की प्रोग्रॅम ते वाचतो आणि पान काढून देतो. लांबून बघणाऱ्याला वाटेल बाई वीजबिलाची तक्रार लिहितेय.

त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक कमान. एकच सूर एका खणातून दुसऱ्या खणात जात असला तर तो दोन्हीकडे लिहायचा आणि मध्ये एक वाकडी रेघ द्यायची. ती कमान असली की दुसरा सूर नव्याने फुंकायचा नाही, पहिलाच पुढे धरून ठेवायचा. दुसरी गोष्ट चिठ्ठी. ताई अख्ख्या ऑर्केस्ट्राचं एकाच ठिकाणी टाइप करतात आणि काही सुरांना चिठ्ठ्या लावून ठेवतात, हे मूळ पानात, हे सोप्या पानात. पान काढताना सांगायचं, ह्या चिठ्ठीचं ठेव, त्या चिठ्ठीचं गाळ. एका कापडातून दोन मापांचे कपडे. भानगड एवढीच, की चिठ्ठीवाला सूर गाळला आणि त्याच्या आधीच्या सुराची कमान तशीच राहिली, तर ती बिचारी लोंबकळते. मग प्रोग्रॅम ओरडतो, कमानीला शेवट नाही, अमुक ओळ बघा. ताई पान काढलं की पानाकडे आधी बघतच नाहीत, तक्रारी वाचतात. म्हणायच्या, ह्याचं बरं आहे, चुकलं तर तोंडावर सांगतो, माणसं सांगत नाहीत.

ह्यांच्या पानावर त्या आणखी एक गोष्ट घालायच्या, रचणाऱ्याने दिलेली असो वा नसो. स्वल्पविरामासारखी बारीक खूण, म्हणजे इथे श्वास घे. ह्यांचा दम कुठे संपतो हे त्यांना बादलीच्या दिवसांपासून पाठ होतं. कितीतरी वर्षं त्या खुणांच्या जागा बदलल्या नाहीत. मग एकदा मी वाळलेल्या चादरी घेऊन त्या खोलीत गेले तेव्हा हे ताईंच्या खुर्चीमागे उभे होते, शाळेतल्या पोरासारखे, आणि म्हणत होते, इथे एक खूण टाक ना. ताईंनी टाकली, काही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात अजून एक. मग एका ओळीत दोन. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, की फुप्फुसं आतून कडक होत चाललीत आणि ती काही परत मऊ होणार नाहीत, तेव्हा मी त्यांना तेच तेच परत विचारत राहिले. ताई मात्र शांत होत्या. त्यांच्या पानांवर खुणा दाटत चालल्या होत्या, त्यांना कुणी नवीन काय सांगणार.

त्या हंगामात तालमीत तो लांब सूर तिसऱ्या खणात तुटला. एकदा तुटला, लोकांनी खाकरून झाकून नेलं. परत तुटला. ऑर्केस्ट्रा चालवणारे गृहस्थ हातात छडी घेऊन पुढे उभे असतात, त्यांना मी छडीवाले म्हणते. छडीवाले ह्यांना एक शब्द बोलले नाहीत. ताई पानं द्यायला गेल्या तेव्हा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. कार्यक्रमाला सूर तुटायची जोखीम घेता येणार नाही, पहिली खुर्ची शेजाऱ्यांना द्यावी लागेल. शेजारी म्हणजे दुसऱ्या खुर्चीवरचे क्लॅरिनेटवाले. इतकी वर्षं शेजारी बसत आलेत म्हणून घरात त्यांचं नावच ते पडलंय. भला माणूस, तोंडात जीभ आहे की नाही कळायचं नाही इतका गप्प.

खुर्ची म्हणजे काय, लाकडाची फोल्डिंगची खुर्ची. पण ह्यांचं सगळं तिच्यात होतं. जिना चढताना दोनदा थांबायचे, बोलताना वाक्य अर्धं सोडायचे, औषधाची नळी खिशात लपवायचे, आणि ह्या सगळ्याच्या वर एक वाक्य होतं, की अजून मी पहिल्या खुर्चीवर आहे. ते काढून घेतलं असतं तर घरी एक आजारी म्हातारा उरला असता, हे मला कळत होतं आणि ताईंनाही.

ताईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि बेत सांगितला. चार खणांतले पहिले दोन छोटूला ठेवायचे. दुसऱ्या खणाच्या शेवटी शेजाऱ्यांनी त्याच सुरात हळूच आत शिरायचं आणि पुढचे दोन खण न्यायचे. ऐकणाऱ्याला सूर एकच. छोटूच्या पानात त्या दोन खणांत विसावा, म्हणजे वाजवायचं नाही अशी खूण, छापायचा, आणि सांगायचं की ही रचणाऱ्याचीच सुधारलेली प्रत सापडली आहे. शेजारी तयार होते. छडीवाले म्हणाले होते, सूर अखंड आला पाहिजे, तो कुणाच्या पोटातून येतो ते मी विचारत नाही.

मी म्हटलं, ताई, त्यांना सांगून करा.

"सांगितलं तर तो खुर्ची सोडेल," ताई म्हणाल्या.

"आणि कळलं तर?"

"कळणार कसं? कागद मीच काढते ना."

हे त्यांनी अभिमानाने म्हटलं नाही. पण त्यांच्या कागदावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. एकदा एका व्हायोलिनवाल्याने तुमचा सूर चुकला म्हणून वाद घातला होता, तर ताईंनी मूळ कागद, त्याची नक्कल आणि नकलेची नक्कल त्याच्यापुढे पसरली, आणि तो बापडा माफी मागून वर मिठाईचा डबा ठेवून गेला. अशी बाई आयुष्यात पहिल्यांदा पानावर खोटं छापणार होती, तेही भावाच्या. मला ते पटलं नाही. पण भावंडांच्या मध्ये मी कोण? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी भांडी घासत राहिले.

सुधारलेली प्रत ऐकून ह्यांनी तोंड वाकडं केलं, म्हणाले, म्हातारपणी बुद्धी फिरली असेल त्याची. पण मला तर वाटतं त्यांना मनातून सुटल्यासारखं झालं असावं. रचणाऱ्यानेच कापलं तर आपण काय करणार. त्या रात्री जेवण नीट गेलं त्यांना.

चूक झाली ती हार्पमुळे, म्हणजे त्या उभ्या तारांच्या मोठ्या वाद्यामुळे. हार्पच्या पानात एके जागी सूर एकेक करून येतात आणि शेवटी एकत्र धरले जातात, तर तिथल्या कमानींना लगेच पुढचा सूर मिळत नाही, थांबावं लागतं. त्यासाठी ताईंनी वर एक ओळ लिहिली होती, की कमानीने घाई करू नये, आपला सूर पुढे जिथे भेटेल तिथे जाऊन टेकावं. ती ओळ फक्त हार्पसाठी होती. पण लिहिली होती सगळ्यांच्या वर. ताई ती काढायची विसरल्या. मग छोटूच्या पानातून चिठ्ठीवाले दोन खण गाळले गेले, दुसऱ्या खणाच्या सुराला कमान तशीच राहिली, आणि एरवी जो प्रोग्रॅम घसा फोडून ओरडला असता, तो ह्यावेळी मूग गिळून बसला. कारण पाचव्या खणात तोच सूर पुन्हा होता. कमान दोन रिकाम्या खणांवरून गेली आणि तिथे जाऊन टेकली. तक्रार एकही नाही. तक्रार नाही म्हणून ताईंनी पान नीट बघितलं नाही, पाकिटात घातलं.

शेवटची तालीम, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. मी तिथे नव्हते, हे मला पुढे शेजाऱ्यांनी सांगितलं. नवीन पानं वाटली. ह्यांनी सूर धरला, दुसऱ्या खणाशी सोडला, शेजारी आत आले, छडीवाल्यांनी मान हलवली. सगळं ठरल्याप्रमाणे. मध्ये थांबले तेव्हा हार्पवाली बाई पाणी प्यायला उठली, जाता जाता तिचं लक्ष ह्यांच्या पानाकडे गेलं, आणि ती हसून म्हणाली, हे नवीनच, आता शांतताही धरून ठेवायची का? चार लोक हसले. हेही हसले. मग चष्मा पुसून त्यांनी त्या कमानीकडे बराच वेळ बघितलं, आणि पान घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं.

घरी आले तेव्हा मी मशीनवर एका पॅन्टचा घेर कमी करत होते. हे सरळ ताईंच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. पान त्यांनी टेबलावर पसरलं आणि त्या कमानीवर बोट ठेवलं.

"ताई, ही कुणाची?"

ताईंनी बघितलं. मी मशीन थांबवलं, पाय पायडलवर तसाच. ताई म्हणाल्या, प्रोग्रॅमची चूक आहे, नीट करून देते.

"प्रोग्रॅम रिकाम्या जागेतून कमान काढत नाही," हे म्हणाले. "इतकी वर्षं तुझ्या तोंडून हेच ऐकतोय. इथे सूर होता. तू काढलास."

ताईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता त्या नेहमीसारखं ठणकावतील. पण त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं, छडीवाले काय म्हणाले तेही. हे ऐकत होते आणि मध्ये मध्ये श्वास घ्यायला तोंड उघडत होते. एवढ्याशा जिन्याने ते इतके दमले होते. मला उठून त्यांना बसवावंसं वाटलं, पण माझी हिंमत झाली नाही.

"तुला वाटलं मला जमणार नाही," हे म्हणाले, "तर तोंडावर सांगायचं. मी ऐकलं असतं. तुझ्याकडून ऐकलं असतं."

"तुला दुखावलं असतं."

"आता काय केलंस?"

 मग ह्यांनी खुर्ची ओढली, बसले, आणि शांतपणे सांगितलं, की दोन्ही पानं पहिल्यासारखी कर, माझंही आणि त्याचंही. तुटला तर माझा तुटेल. तुटला तर मी स्वतः खुर्ची त्याला देईन, सगळ्यांसमोर. पण माझ्या सुरात दुसऱ्याने शिरायचं नाही.

ताई लगेच कामाला बसल्या. मी चहा नेऊन ठेवला तेव्हा बघितलं, त्यांनी आधी ती वरची ओळ पुसली, आणि लगोलग तक्रारी धडाधड यायला लागल्या, कमानीला शेवट नाही, कमानीला शेवट नाही, असं खाली खाली. ताई एकेक वाचायच्या, त्या ओळीवर जायच्या, नीट करायच्या. हार्पच्या कमानींना वेगळी जागा दिली. ह्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. शेजाऱ्यांच्या पानातून ते दोन खण गाळले. शेवटी एकही तक्रार उरली नाही तरी ह्या वेळी त्यांनी पान हातात घेऊन बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचलं. ह्यांनीही वाचलं. चार खण, तीन कमानी, सगळं जागेवर.

"शेजाऱ्याचं?" ह्यांनी विचारलं.

ताईंनी दुसरं पान दाखवलं. म्हणाल्या, उद्या मी लवकर जाते आणि त्याच्या स्टँडवर स्वतः ठेवते. ह्यांनी मान हलवली. शेजाऱ्यांना फोन करून सांगायचं ह्यांच्या मनात आलं असतं तरी त्यांनी केला नसता. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून बसले, पण दोघांचं बोलणं हवापाण्यापुढे कधी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई खरंच लवकर गेल्या. मी नंतर पोचले तेव्हा त्या वरच्या बाजूला, कठड्याजवळच्या खुर्चीत बसलेल्या होत्या, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मी विचारलं, झालं का काम? त्यांनी हो म्हटलं. दिवे मंद झाले. मागच्या रांगेत हे, शेजारी त्यांच्या बाजूला. ह्यांचा कोट मीच खांद्यात आत घेतला होता, तरी तो सैल दिसत होता.

सूर सुरू झाला. पहिला खण गेला. मला क्लॅरिनेट आणि किटलीची शिट्टी ह्यात फारसा फरक कळत नाही असं हे म्हणायचे, पण त्या दिवशी मी सगळ्या अंगाने ऐकत होते. दुसरा खण. माझाच श्वास कोंडला होता. तिसरा लागला आणि सूर तुटला नाही. तो फुलला, मोठा झाला, तसाच पुढे निघाला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी ताईंचा हात घट्ट धरला. धरला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं तर त्यांचं तोंड पांढरं पडलेलं.

"तो शेजारी आहे," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं. दोन काळ्या नळ्या, दोन्ही ओठांना लावलेल्या. ह्यांचे गाल ताणलेले, मान पुढे आलेली, डोळे मिटलेले. शेजारीही वाजवत होते. सूर एकच ऐकू येत होता. चौथ्या खणाच्या शेवटी दोघांनी बरोबर एकदमच सोडला, आणि व्हायोलिनं सुरू झाली. ताईंच्या पर्सची चेन अर्धवट उघडी होती. आत शेजाऱ्यांसाठी काढलेलं ते पान होतं, जसंच्या तसं, घडी न केलेलं. त्यांनी ते नेलं होतं, स्टँडपर्यंत नेलं होतं, आणि ठेववलं नाही त्यांच्याने. शेजाऱ्यांच्या समोर तालमीतलंच पान होतं आणि ते पानावर होतं ते वाजवत होते. वादक दुसरं काय करणार.

मागच्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा हे खुर्चीत बसून क्लॅरिनेटचे भाग सुटे करत होते. ओठ निळे पडले होते. पण चेहऱ्यावर असं काही होतं जे मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. मला म्हणाले, अगं, पुरा धरला. शेजारी जवळच उभे होते, अवघडलेले. ते म्हणाले, मी आत आलो तेव्हा तुम्ही होतात, पुढेही होतात, मला वाटलं तुम्ही सोडायचं विसरलात. भला माणूस, त्याने जे झालं ते सांगितलं. तेवढ्यात छडीवाले आले, सरळ शेजाऱ्यांपाशी गेले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, उत्तम सांभाळून घेतलंत. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, तुम्हीही छान.

 हे ताईंकडे बघत होते.

"ताई, मी शेवटपर्यंत होतो. तुला तरी कळलं ना?"

माझ्या मनात आलं, म्हणा हो. देवाशपथ, एवढ्या थापा मारल्यात तर अजून एक मारा. पण सुराच्या बाबतीत तोंडावर विचारलं तर ताईंना खोटं बोलता येत नाही.

"नाही रे छोटू," त्या म्हणाल्या. "मला एकच ऐकू आला."

हे थोडा वेळ हातातला भाग फडक्याने पुसत राहिले. मग तो पेटीत नीट बसवला.

"बरोबर आहे," म्हणाले. "तुझं काम चांगलंच असतं. जोड कळलाच नाही."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही, ह्याचंच मला आजही वाईट वाटतं. पेटी त्या दिवशी बंद झाली ती झाली. खुर्ची त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकली. ताईंशी ते भांडले नाहीत, अबोला धरला नाही, उलट जास्तच गोड बोलायला लागले, पाहुण्याशी बोलावं तसं. ताई सकाळी विचारायच्या, बरं वाटतंय का, तर हे म्हणायचे, हो, अगदी छान. बहिणीने बादलीजवळ उभं राहून ज्याचा एकेक श्वास मोजला, तो तिला सांगेनासा झाला की दम लागतोय. मला सांगायचे. ताईंसमोर उसनं हसून बसायचे आणि त्या बाहेर गेल्या की औषधाची नळी तोंडाला लावायचे. पुढच्या हिवाळ्यात गेले. शेवटी मशीनवर होते, आणि ते मशीन त्यांच्यासाठी श्वास घेत होतं.

ताईंना मी खूप बोलले त्यानंतर. जे नको ते बोलले. भीक नको पण कुत्रा आवर अशी तुमची माया, असंही म्हटलं. त्या ऐकून घ्यायच्या. मग माझंच तोंड दमलं. आता घरात आम्ही दोघीच, दोन पोळ्यांची कणीक मळायची ती किती मळायची, आणि भांडायचं तरी कुणावरून. ताई अजून काम करतात. तो संथ तुकडा दर हंगामाला असतोच, शेजाऱ्यांचं पान ताईच काढतात. श्वासाची खूण त्या कुणाच्याच पानावर घालत नाहीत आता.

त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऑर्केस्ट्रावाल्यांनी सगळ्यांना दिलं होतं. काम संपलं की ताई मोठे हेडफोन कानांवर चढवतात आणि डोळे मिटून बसतात. आधी मला वाटलं, संगीत ऐकतात, बरं आहे. मग लक्षात आलं, की पुढचं काही वाजतच नाही. तो सूर संपला की त्या परत मागे नेतात.

परवा मी गुंड्या लावायचे शर्ट घेऊन त्यांच्या खोलीत बसले होते. त्यांनी एकाएकी हेडफोन काढले आणि माझ्या कानांवर चढवले. स्वतःच्या हाताने नीट बसवले, माझे केस बाजूला करून.

"तिसरा खण लागला की ऐक," म्हणाल्या. "दोन आहेत का सांग."

मी ऐकलं. जमेल तेवढं कान देऊन ऐकलं, सुई बोटात तशीच. मी त्या माणसाबरोबर आयुष्य काढलं. झोपेतला त्याचा श्वास मी अंधारात ओळखायचे. एकच सूर होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, कुठेही शिवण नसलेला. ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"दोन आहेत," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या कानांवरून हेडफोन काढून घेतले, आपल्या कानांवर चढवले, आणि परत सुरुवातीपासून लावलं.